उंबऱ्यावरचं शहर

माझ्या आजीला तिनसांजेला कुणी उंबऱ्यावर बसलेलं चालत नसे. वेंगुर्ल्याच्या आमच्या घराला मागीलदारी जांभ्याच्या दोन पायऱ्या, त्यांच्यावर फणसाच्या लाकडाचा उंबरा, चार पिढ्यांच्या पावलांनी मधोमध झिजून होडीसारखा खोलगट झालेला, आणि त्याच्यापलीकडे माडांच्या बुंध्यांमधून तुकड्यातुकड्यांनी दिसणारा समुद्र. शाळेतून आले की मी त्या होडीत बसायचे, पाय बाहेर, पाठ घराकडे, आणि पाणी आधी पिवळं, मग केशरी, मग जांभळं होताना बघत राहायचे; आणि आतून, चुलीच्या धुरातून, ठरलेला आवाज यायचा, “तिनसांजेचा उंबऱ्यार बसा नको गो चेडवा!” का नको, विचारलं की ती हिरण्यकश्यपूची गोष्ट सांगायची. घरात नाही आणि बाहेरही नाही, दिवसा नाही आणि रात्रीही नाही. नरसिंहाने त्याला मांडीवर घेतलं ते उंबऱ्यावरच. ती जागा कुणाचीच नसते, ती म्हणायची. म्हणून तिथे काहीही होऊ शकतं.

गेल्या हिवाळ्यात मी एक शहर पाहिलं, जे जन्मभर उंबऱ्यावर बसून आहे.

व्हेनिसहून गाडी निघाली तेव्हा बाहेर धुकं होतं. सपाट शेतं, ओल्या नांगरटीचे काळे चौकोन, पानं गळून गेलेल्या झाडांच्या रांगा. सगळं कुणीतरी ओल्या बोटाने पुसत आणल्यासारखं. मोनफाल्कोने मागे पडलं आणि उजव्या हाताची जमीन एकाएकी संपली. खाली, खूप खाली, समुद्र. डाव्या हाताला चुनखडीचा करडा-पांढरा कडा, त्याच्या भेगांतून उगवलेली खुरटी झुडपं, आणि कडा आणि पाणी यांच्यामध्ये अंग चोरून चाललेली आमची गाडी. घाट आणि दर्या यांच्यामध्ये कोकण जसं चिंचोळं होऊन बसलंय, अगदी तशी ही पट्टी. साता समुद्रांपलीकडे आले आणि पहिली ओळख पटली ती जमिनीच्या ठेवणीची. त्रिएस्तेच्या स्टेशनवर माझी लेक उभी होती. थंडीने नाक लाल झालेलं, गळ्याभोवती मीच विणलेला मफलर. तीन वर्षांनी तिला पाहत होते.

त्रिएस्तेचा मोठा चौक तीन बाजूंनी राजवाड्यांसारख्या इमारतींनी वेढलेला आहे. नगरपालिकेचा मनोरा, कमानी, खिडक्यांवरचे दगडी चेहरे, पाण्याने काळवंडलेलं कारंजं. चौथ्या बाजूला काहीच नाही. भिंत नाही, कठडा नाही. फरसबंदी चालत चालत जाते आणि पुढे पाणी सुरू होतं. संध्याकाळी चारच्या सुमाराला मी तिथे उभी राहिले आणि सूर्य त्या उघड्या बाजूने समुद्रात उतरला. इटलीच्या या अंगाला बहुतेक ठिकाणी सूर्य पाण्यातून उगवतो. इथे मात्र किनारा वळसा घेऊन पश्चिमेकडे तोंड फिरवतो, आणि ॲड्रियाटिकच्या या कोपऱ्यात मावळती पाण्यावर होते. माझ्या मागीलदारी होते तशी. ओल्या फरशीवर आधी पिवळा, मग केशरी, मग जांभळा रंग आला.

रंगांचा क्रमसुद्धा तोच.

हे शहर मुळात एक दार म्हणून बांधलं गेलं. घर होतं दूर, आल्प्सच्या पलीकडे, व्हिएन्नात. मोठं, श्रीमंत, अनेक भाषांच्या माणसांनी गजबजलेलं हॅब्सबर्गांचं घर, ज्याला समुद्र नव्हता. १३८२ पासून त्रिएस्ते त्यांच्या आश्रयाला होतं, पण एका टेकडीवरचं मासेमारीचं आणि मिठाचं गाव म्हणूनच. १७१९ साली सहाव्या चार्ल्सने त्याला मुक्त बंदर केलं आणि दार किलकिलं झालं. त्याची मुलगी मारिया थेरेसा हिने ते सताड उघडलं. तिच्या काळात मिठागरं बुजवून त्यांवर सरळ रेघांचे रस्ते आखले गेले, आणि गलबतांनी थेट वखारीच्या दाराशी येऊन माल उतरवावा म्हणून शहराच्या पोटात एक कालवा खोदला गेला. तो कालवा अजून आहे. आता त्यात लहान होड्या डोलतात, काठावर दुपारच्या उन्हात म्हातारी माणसं बसतात, आणि जवळच सर्बियन चर्चचे निळे घुमट आकाशाचे तुकडे डोक्यावर घेऊन उभे असतात. थोडं पुढे गेलं की ग्रीकांचं चर्च, आणखी पुढे १९१२ साली उभं राहिलेलं भव्य सिनेगॉग. दार उघडं ठेवलं की जो तो आपला देव घेऊन येतो. १८५७ साली व्हिएन्नाची आगगाडी इथवर पोचली, आणि पुढची साठ वर्षं अर्ध्या युरोपची कॉफी, कापूस, मसाले या उंबऱ्यावरून आत गेले.

मग १९१८ साली युद्ध संपलं आणि घरच कोसळलं. शहर इटलीकडे आलं, आणि इटलीला दारांची काय वाण? जेनोवा होतं, नेपल्स होतं, व्हेनिस होतं. मागचं घर नाहीसं झाल्यावर दार काय करतं?

चौकट धरून उभं राहतं. वारा येऊ देतं.

आणि वारा काय येतो! बोरा त्याचं नाव. आमच्याकडे पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जो वारा सुटतो त्याला मतलई म्हणतात. होड्या त्याच्या पाठीवर बसून बाहेर जातात, आणि अंगणात झोपलेल्या माणसाला तो नुसता हात लावून जातो. बोराही जमिनीवरूनच समुद्राकडे जातो, पण मागच्या कार्स्टच्या पठारावर साचलेली थंडी कड्यावरून एकदम खाली कोसळावी तसा. ताशी दीडशे किलोमीटरच्याही पुढे जाणारे झोत येतात. पहिल्यांदा तो आला त्या रात्री मी जागी झाले ते खिडकीच्या फळ्यांच्या दातखिळीने. सकाळी आकाश धुऊन पुसून लख्ख निळं, समुद्रावर किनाऱ्यापासून दूर पळणाऱ्या पांढऱ्या लाटा, आणि रस्त्यात सगळी माणसं तिरकी. लेकीने माझा हात घट्ट धरला. पूर्वी अशा दिवसांत रस्त्यांच्या कडेने दोर बांधत, माणसांनी धरून चालावं म्हणून. ती हे सांगत होती तेव्हा वाऱ्याने तिचे निम्मे शब्द नेले. शहराने स्वतःच्या माणसांसाठी रस्त्यात दोर बांधून ठेवावेत, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. इथे या वाऱ्याचं एक छोटंसं संग्रहालयही आहे. तिथे जगभरचे वारे बाटल्यांत भरून मांडून ठेवलेत. मतलई त्यांत आहे का, हे मी शोधलं नाही. तिला बूच लावायचा धीर मला झाला नसता.

लेक सकाळी कामाला गेली की शहर माझं असे. इथली माणसं कॉफीला सुद्धा वेगळ्या नावांनी हाक मारतात. दुसरीकडे जिला एस्प्रेसो म्हणतील ती इथे ‘नेरो’, काळी. दुधाच्या फेसाचा थेंब घेऊन आलेली ‘कापो’. आणि तीच काचेच्या इवल्या पेल्यात हवी असेल तर ‘कापो इन बी’. हा ‘बी’ त्यांच्या पेल्याच्या शब्दाचं पहिलं अक्षर, असं लेकीने सांगितलं. पण माझ्या कानाला ते आपलं बी वाटलं, लाल फळाच्या आत दडलेलं, कुठल्याशा उष्ण डोंगरावरून जहाजात बसून इथवर आलेलं. काच दोन्ही हातांत धरून मी बसत असे. आजूबाजूला इटालियन, स्लोव्हेन, जर्मन, आणि सगळ्यांखालून वाहणारी इथली घरगुती बोली, त्रिएस्तिनो. डब्लिन सोडून १९०४ साली जेम्स जॉइस इथे आला, इंग्रजीच्या शिकवण्या करत राहिला, आणि त्याची दोन्ही मुलं या बोलीत वाढली. त्याच्या शिकवणीला येणारा एक जण जहाजांच्या रंगाच्या कारखान्यात काम करायचा, आणि इतालो स्वेवो या टोपणनावाने कादंबऱ्या लिहायचा, ज्या तेव्हा कुणी वाचत नव्हतं. टोपणनावातच त्याने आपली अर्धी इटालियन आणि अर्धी जर्मन ओळख शेजारी शेजारी बसवली होती. घरात एक भाषा, पोटासाठी दुसरी, लिहायला तिसरी. मालवणीत रडलेल्या, पुस्तकी मराठीत लिहिणाऱ्या मला हे कुणी समजावून सांगायला नको होतं.

तिसऱ्या दिवशी जिन्यात एक हाक ऐकली आणि मी जागच्या जागी थांबले. “मूला!”

शेजारच्या दारात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी उभ्या होत्या. हाक माझ्या लेकीला होती. त्रिएस्तिनोत मुलाला ‘मूलो’ म्हणतात आणि मुलीला ‘मूला’. लेकीला हे ठाऊक होतं. मला सांगायचं तिने मुद्दाम राखून ठेवलं होतं, आणि आता माझ्या चेहऱ्याकडे बघून ती हसत होती. शब्दांचं नातं काही नाही, मला ठाऊक आहे. दोन दूरच्या किनाऱ्यांवर सारखे दोन शिंपले सापडावेत, तेवढंच. तरी परक्या मुलखात आपल्या पोरीला कुणीतरी आपल्याच उच्चारात हाक मारतं, तिच्या हातात अजून गरम असलेली पावाची वाटोळी लादी ठेवतं, हे पाहिल्यावर छातीतली एक गाठ, जी तीन वर्षं आहे हेही मला माहीत नव्हतं, हळूच सुटली.

चौकाच्या बाजूने एक दगडी धक्का सरळ पाण्यात जातो, सुमारे अडीचशे मीटर. मोलो आऊदाचे. १७४० साली इथे ‘सान कार्लो’ नावाचं जहाज बुडालं, आणि त्या बुडालेल्या जहाजावरच हा धक्का रचला गेला; आधी त्याचं नाव तेच होतं. नोव्हेंबर १९१८ मध्ये इटलीची ‘आऊदाचे’ ही पहिली युद्धनौका इथे लागली आणि नाव बदललं. रोज संध्याकाळी माणसं त्याच्या टोकापर्यंत चालत जातात, थोडी थांबतात, परततात. तिथून काही आणायचं नसतं. टोकाला पितळी रंगाचं होकायंत्र आहे, सगळ्या वाऱ्यांची नावं कोरलेलं. त्याच्यावर हात ठेवून मी मुंबईची दिशा अंदाजाने शोधायचे. ती दिशा या शहराला अनोळखी नव्हती. चौकातच लॉईड कंपनीची जुनी इमारत आहे. सुएझ कालवा खुला झाल्यावर तिच्या बोटी इथून मुंबईला जात. पुढे तिचं नाव लॉईड त्रिएस्तिनो झालं. १९३१ च्या डिसेंबरात गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी ब्रिंदिसीला जिच्यावर चढले ती ‘पिल्स्ना’ याच कंपनीची. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून ज्या पांढऱ्या ‘एशिया’ आणि ‘व्हिक्टोरिया’ बोटींनी कितीतरी तरुण शिकायला युरोपात गेले, त्या १९५३ साली इथल्याच गोदीत बांधलेल्या. किती आया धक्क्यावर उभ्या राहून त्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघत राहिल्या असतील. पदराने डोळे पुसायला सुद्धा हात उचलला नसेल, तो हलवायचा होता म्हणून.

आणि रिचर्ड बर्टन. मुंबईच्या फौजेत असताना जो मराठी शिकला, परीक्षा देऊन पास झाला, जो गोव्यात भटकला, त्याच्या आयुष्याची शेवटची अठरा वर्षं इंग्लंडचा वाणिज्यदूत म्हणून या शहरात गेली. अरबी सुरस गोष्टींचं भाषांतर त्याने इथेच पुरं केलं आणि १८९० च्या ऑक्टोबरात इथेच डोळे मिटले. रात्री खिडकीशी बसलेल्या त्या म्हाताऱ्याच्या ओठांवर कधी एखादा मराठी शब्द आला असेल का? ‘पाणी’, ‘पाऊस’, ‘ये’ असा अगदी साधा? मी त्या धक्क्यावर मोठ्याने म्हटलं, “पाणी.” वाऱ्याने ते घेतलं आणि समुद्रावर नेलं.

लेक काम करते ती संस्था शहराबाहेर, मिरामारेच्या बागेशेजारी. आधी किल्ला सांगते. पाण्यात पाय सोडून बसलेला पांढरा दगडी किल्ला. ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा धाकटा भाऊ मॅक्सिमिलियन याने तो स्वतःसाठी आणि पत्नी शार्लोटसाठी बांधला. नौदलातला माणूस, म्हणून आपली खोली त्याने जहाजातल्या केबिनसारखी करून घेतली. बुटकं छत, लाकडी भिंती, खिडकीत फक्त पाणी. किल्ल्याचं काम आतून पुरं व्हायच्या आत, १८६४ साली, मेक्सिकोचा मुकुट त्याला बोलवायला आला. तो गेला. तीन वर्षांनी तिथे त्याला गोळ्या घातल्या गेल्या, आणि शार्लोटचं मन जे हललं ते पुढची साठ वर्षं परतलं नाही. त्या केबिनमध्ये उभं राहिलं की जमीन हलते आहे असं वाटतं. घर असून ज्याने घरात जहाजच बांधून घेतलं, त्याचं पाऊल उंबऱ्याच्या आत कधी टेकलंच नव्हतं.

आणि ती संस्था म्हणजे त्याच बागेच्या कडेचं भौतिकशास्त्राचं केंद्र. पाकिस्तानातल्या झंगहून आलेल्या अब्दुस सलाम यांनी ते १९६४ साली सुरू केलं. गरीब देशांतल्या वैज्ञानिकांनी एकटेपणाने कोमेजू नये, आणि कोमेजू नये म्हणून देशही सोडू नये. त्यांनी काही महिने इथे यावं, बोलावं, शिकावं, आणि आपापल्या घरी परत जावं, हे त्यांचं स्वप्न. कायमचं आत घेणारं दार त्यांना नको होतं. त्यांना येण्याजाण्याचा उंबरा हवा होता. लेकीने मला तिथल्या पायऱ्या दाखवल्या, फळा दाखवला, त्याच्यावर खडूची पुसट समीकरणं. खिडकीतून समुद्र दिसत होता. आत कुणी बंगालीत बोलत होतं, कुणी फारसीत.

“आई, मी परत येणारच आहे,” ती अचानक म्हणाली.

मी विचारलं नव्हतं.

शेजारच्या आजींनी एकदा आम्हाला बार्कोलाच्या किनाऱ्यावर नेलं. बोरा धरून दोन दिवस झालेले, हवा काचेसारखी. त्यांनी बोट केलं. आखाताच्या पलीकडे निळसर जमीन, आणि तिच्या टोकावर सुईएवढा मनोरा. पिरानो. त्यांचं गाव. युद्धानंतर, १९४७ साली, त्रिएस्ते आणि आसपासचा मुलूख कुणाचाच राहिला नाही; ‘मुक्त प्रदेश’ असं नाव देऊन तो दोन भागांत कापला गेला. १९५४ मध्ये शहर इटलीकडे गेलं आणि पलीकडचा किनारा युगोस्लाव्हियाकडे. त्या पलीकडच्या किनाऱ्यावरून, इस्त्रियातून, तेव्हा हजारो इटालियन कुटुंबं सामान बांधून निघाली. आजी तेव्हा पाच वर्षांच्या. त्या आयुष्यभर आपलं गाव असं रोज समोर, पाण्यापलीकडे, बघत आल्या.

निघालेल्या माणसांनी सामान जुन्या बंदरातल्या वखारींत ठेवलं. जागा मिळाली की नेऊ, म्हणून. पुष्कळांनी कधीच नेलं नाही. १८ नंबरच्या वखारीत ते वर्षानुवर्षं पडून होतं: कपाटं, पलंग, ताटल्या, फोटो, शिवणयंत्रं, आणि खुर्च्या, एकमेकींत पाय अडकवलेल्या खुर्च्यांचे डोंगर, प्रत्येकीवर नाव आणि क्रमांक. “आमच्या चार होत्या,” आजी म्हणाल्या. लेक मला मराठीत सांगत होती, पण चार बोटं वर झालेली मी आधीच पाहिली होती. मला आमच्या गावची बंद घरं आठवली. मुंबईला गेलेल्यांची, गणपतीपुरती उघडणारी. आत आरामखुर्ची, तिच्यावर चादर. फरक एवढाच, की त्यांच्या किल्ल्या कुणाच्या तरी कमरेला आहेत.

त्या परतीच्या वाटेवर मी लेकीला सांगितलं, मला रिझिएरा बघायचंय. रिझिएरा म्हणजे भाताची गिरणी. सान सब्बात बांधलेली, साळी सडून तांदूळ करण्यासाठी. मला गिरणी ठाऊक आहे: कोंड्याचा गोड, धुरकट वास, पट्ट्याची फटफट, भुवयांवर पांढरी धूळ घेतलेला माणूस. १९४३ नंतर नाझींनी या गिरणीची तुरुंगछावणी केली, आणि माणसं जाळण्याची भट्टी तिथे बसवली. हजारो माणसं मारली गेली, आणि कितीतरी ज्यूंना इथून पुढच्या छावण्यांकडे पाठवलं. जाताना नाझींनी भट्टी उडवून दिली. आता अंगणात तिच्या जागी फक्त लोखंडी पत्र्याचा आकार आहे. आत शिरताना दोन्ही बाजूंना अकरा मीटर उंच काँक्रीटच्या भिंती, वर आकाशाची एक चिंधी. मी खूप वेळ नाक ओढून श्वास घेतला. तांदळाचा वास कुठेच नव्हता. उंबऱ्यावर काहीही होऊ शकतं, माझी आजी म्हणायची.

काहीही.

निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही तिमावो नदी पाहायला गेलो. ही नदी पलीकडे स्लोव्हेनियात ‘रेका’ नावाने वाहते, श्कोत्स्यानच्या गुहांशी जमिनीत शिरते, आणि चुनखडीच्या अंधारातून सुमारे चाळीस किलोमीटर चालून दुईनोजवळ, एका जुन्या चर्चच्या बाजूला, झाडांच्या मुळांशी गुपचूप वर येते. धबधबा नाही, आवाज नाही. हिरवं, गार, फिरतं पाणी, आणि दोन किलोमीटरवर लगेच समुद्र. आपल्याकडे लुप्त सरस्वती सांगतात; इथे ती वर आलेली दिसते. मी पाण्यात हात घातला. वर सरहद्दी आखल्या गेल्या, पुसल्या गेल्या, पाट्या बदलल्या, माणसं खुर्च्या उचलून निघाली. खाली ही वाहतच राहिली, एका नावाने बुडून दुसऱ्या नावाने उगवत. बोटं बधिर झाली तरी हात काढवेना. लेक शेजारी उकिडवी बसली आणि तिनेही हात घातला.

आता घरी येऊन महिना झाला. वेंगुर्ल्याच्या बंदरावर पूर्वी मुंबईची बोट लागायची. आता संध्याकाळी माणसं चालत टोकापर्यंत जातात, थोडी थांबतात, परततात. काल तिनसांजेला मी देवाकडे दिवा लावला, मागीलदारी आले, आणि आजी गेल्यानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या लाकडी होडीत बसले. फोन लावला. तिकडे दुपार होती, पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता.

“कुठे आहेस?” मी विचारलं.

“मोलोवर. डबा खातेय. तू?”

“उंबऱ्यावर.”

ती गप्प झाली. ऊठ म्हणाली नाही. माडांमधून पाणी केशरी झालं, मग जांभळं.

“मुला,” मी म्हटलं, “जेव तू सावकाश.”

हाताखालचं फणसाचं लाकूड दिवसभराच्या उन्हाने अजून ऊबदार होतं.